पुढच्या दाराने येणारे राव सर

पहिले पंधरा दिवस माझी ठाम समजूत होती की खालच्या घरात दोन भाऊ राहतात.

एक वेष्टीतले, म्हणजे तिकडच्या लुंगीसारख्या पांढऱ्या धोतरातले. उघडेबंब, खांद्यावर पंचा, दिवसभर मागच्या अंगणात कपडे धूत नाहीतर भाजी चिरत बसलेले. दुसरे पांढऱ्या पँट-शर्टातले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, काखेत छत्री. हे दुसरे रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला रस्त्याने झपझप येत, ओट्यावर बूट काढत आणि "आलों ग!" अशी हाक देऊन घरात शिरत. ते जात कधी, हे मात्र मला कधी दिसलं नाही. एक माणूस रोज घरी येतो पण घरातून कधीच जात नाही, यावर विचार करायची माझी तेव्हा तयारी नव्हती. मी विट्याचा माणूस, बियाण्यांच्या कंपनीने उचलून कुंभकोणमला टाकलेला. बदलीचा राग डोक्यात होता, पोट बिघडलेलं होतं आणि रजा टाकून मी वरच्या खोलीत खिडकीशी पडून होतो.

दोघांचे चेहरे सारखे होते, पण भावांचे असतातच. शेवटी एका रविवारी मी खाली उतरलो आणि विहिरीच्या काठावर बूट पांढरे करत बसलेल्या वेष्टीवाल्यांना म्हणालो, "तुमच्या बंधूंची ओळख नाही झाली अजून."

"कोणते बंधू?"

"पँटवाले."

ते इतके हसले की बुटांच्या रंगाची डबी विहिरीत पडली. "तो मीच कीं हो!" ते म्हणाले. "थोरला भाऊ माझा जाऊन एकोणीस वर्षें झालीं. परंतु तुमचें चुकलें म्हणून लाजूं नका. आमच्या घरांतही तसेंच समजतात."

"घरात कोण?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. दाराच्या फटीतून एक म्हातारी बाई आमच्याकडे बघत होती. मी बघतोय हे कळल्यावर तिने पदर सावरला आणि ती आत सरकली.

कुंभकोणमात त्यांना सगळे राव सर म्हणत. तिथल्या मराठी घरांत दर दुसरा माणूस राव, तेव्हा एवढं सांगून मी कुणाचं नाव फोडलं असं होत नाही. पापनाशमच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली, रोज पॅसेंजरने जाऊन-येऊन, दुपारच्या जेवणालासुद्धा घरी. मराठे राजांच्या काळात पूर्वज तंजावरला आले ते आलेच, त्यानंतर घरातलं कुणी परत गेलं नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. ती मराठी ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. "आपण जेविलांत काय?" असं कुणी खऱ्या आयुष्यात विचारतं, हे मला पटायला वेळ लागला. मला ते "पुण्याचे" म्हणत. मी विट्याचा आहे, पुण्यात मी चार वेळा गेलोय आणि चारही वेळा भांडून आलोय, हे मी परोपरीने सांगितलं. "सरि, सरि," म्हणजे बरं बरं, ते म्हणायचे, "तें सर्व पुणेंच."

घर शिट्टीवर चालायचं. एक लांब शिट्टी म्हणजे कॉफी, दोन आखूड म्हणजे आंघोळीचं पाणी तापलं, तीन म्हणजे वरच्या भाडेकरूने नळ बंद करावा. खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. उभे राहत नाहीतर जमिनीवर मांडी घालत. मधलं काही त्यांना मान्य नव्हतं. सत्तरी ओलांडली होती, तरी जिना चढताना पायऱ्या मोजून "इरुपत्तिरेंडु" म्हणजे बावीस, असं मला रोज कळवायचे. जिना वाढेल अशी भीती असल्यासारखं.

आणि खिशात स्टॉपवॉच.

आता त्या दोन भावांचं सांगतो. त्यांच्या पत्नीला, आक्कांना, विसरण्याचा आजार झाला होता. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहून दिलं होतं. राव सर त्याला "तें विसरणें" म्हणत, नात्यातल्या एखाद्या नावडत्या माणसाबद्दल बोलावं तसं. आक्का गेली तीसेक वर्षं पुसून बसल्या होत्या. त्यांच्या लेखी नवरा अजून पापनाशमच्या शाळेत जात होता, आणि घरात वेष्टी नेसून वावरणारा हा पांढऱ्या केसांचा म्हातारा म्हणजे थोरले भावोजी. चेहरा सारखा, वय जास्त, दिवसभर घरी. त्यांच्या बाजूने बघितलं तर हिशेब चोख होता.

मुलाचं नाव विसरल्या, घरातला संडास कुठे ते विसरल्या, साडी कशी नेसायची ते विसरल्या. दोन नियम तेवढे विसरल्या नाहीत. मोठ्या दिरापुढे बसायचं नाही, आणि दुपारी नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही. रात्रीची इडली त्या कुणाच्याही हातून घेत. दुपारच्या पानाला मात्र त्या हात लावत नसत. राव सर पान वाढून "जेव ग" म्हणाले की त्या दाराआड उभ्या राहून म्हणत, "ते अजून आले नाहींत." दोन दिवस सरांनी समजावलं. लग्नातला फोटो दाखवला. फोटो बघून आक्का रडायला लागल्या की भावोजी असं का बोलतात. तिसऱ्या दिवशी सरांनी पेटीतून शाळेचे कपडे काढले, मागच्या दाराने बाहेर पडले, गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि म्हणाले, "आलों ग!"

"आज उशीर झाला," आक्का म्हणाल्या आणि पानावर येऊन बसल्या.

तेव्हापासून रोज. बाराला आक्कांना मधुमेहाची गोळी द्यायची, साडेबाराला मागच्या न्हाणीत वेष्टी सोडून पँट चढवायची, मागचं दार, गल्ली, कोपऱ्यावरची फुलवाली, पितळेच्या भांड्यांचं दुकान, मग आपला रस्ता, आपला ओटा; जेवण झालं की मागून न्हाणीत जाऊन परत वेष्टी. आतल्या आत कपडे बदलून चालायचं नाही. तो प्रयोग एकदा झाला होता. भावोजी आपल्या नवऱ्याचे कपडे घालून खोलीतून बाहेर आले म्हणून आक्का अशा ओरडल्या होत्या की शेजारी धावत आले. नवरा बाहेरून, पुढच्या दारानेच यायला हवा. उशीर का झाला हेही रोज सांगावं लागे. "पापनाशम्‌ला गाडी थांबली होती." रोज तीच गाडी, रोज तिथेच थांबायची.

मी एकदा म्हणालो, "सर, हे जरा जास्त नाही का होत?"

"पुण्याचे, तुम्ही कधीं खेळलांत काय? अम्पायरनें बाद म्हटलें तर काय करतात? वाद घालतात?"

"आमच्याकडे घालतात."

"म्हणूनच तुम्ही बियाणें विकतां," ते म्हणाले. "ती अम्पायर. तिनें भावोजी म्हटलें, मी भावोजी. तिनें नवरा म्हटलें, मी नवरा. मैदान सोडून जायचें नाहीं, एवढेंच आपल्या हातीं."

कॉफीचंही असंच. आक्का कॉफी पिऊन पेला खाली ठेवत आणि विचारत, "आज कॉफी नाहीं काय?" सरांनी पहिल्या डिकॉक्शनची एक पेलाभर कॉफी करून ती देवघरातल्या पळी-पंचपात्रीच्या आकाराच्या बारक्या पितळी भांड्यांतून वाटायला सुरुवात केली. दोन घोट, अर्ध्या तासाने दोन घोट. प्रत्येक वेळी दिवसातली पहिली कॉफी. आक्कांचा चेहरा प्रत्येक वेळी खुलायचा. "मजला दिवसांत एकदाच असा आनंद होतो," सर म्हणायचे, "तिला दहादां."

हे सगळं ऐकून सर म्हणजे संतमाणूस होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. एके सकाळी आक्कांनी दोरीवरचे ओले कपडे काढून मातीत ठेवले. सरांनी परत धुतले, परत वाळत घातले, आक्कांनी परत काढले. असं आठ वेळा झालं. नवव्यांदा सरांनी त्यांच्या कानाशी जाऊन शिट्टी फुंकली. सगळा जोर लावून. मी वरून बघत होतो. आक्का दोन्ही कानांवर हात ठेवून जमिनीवर बसल्या, लहान मुलं बसतात तशा.

सरांनी आपले कान धरले आणि उठाबशा काढायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत, तमिळमध्ये, शाळेत मोजत असतील तशा. पंधराव्या बैठकीला गुडघा वाजला तो मला वरपर्यंत ऐकू आला. आक्का उठून दाराआड गेल्या आणि तिथून कुणाला तरी उद्देशून म्हणाल्या, "भावोजींस कोणीं शिक्षा केली? वयस्कर आहेत. सोडा म्हणावें."

त्यांनी पंचवीस पुऱ्या केल्या. मी पाणी घेऊन खाली गेलो तेव्हा ते विहिरीला टेकून बसले होते. "राग येतो, पुण्याचे," ते म्हणाले. "बहु येतो. कधीं वाटतें, ही जावी आतां. हें मी कोणास बोललों नाहीं. मग वाटतें, मी आधीं गेलों तर पुढल्या दारानें कोण येईल?" मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शेतावर जायला उशीर होतोय असं सांगून निघालो.

निघून जाण्यात मी पटाईत आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा बहीण त्यांचं करत होती आणि मी नांदेडला, रायचूरला, जिथे कंपनी पाठवील तिथे आनंदाने जात होतो. शेवटच्या वर्षात त्यांच्याजवळ मी सगळे मिळून काही आठवडेच राहिलो असेन. बहीण कधी बोलली नाही. बोलली असती तर मीही काहीतरी उलट बोललो असतो आणि प्रकरण मिटलं असतं.

सरांचा मुलगा बंगळूरला होता. चांगला मुलगा, त्याला वाईट ठरवून माझं काम सोपं होणार नाही. दर महिन्याला यायचा. चेन्नईच्या बाहेर अशा आजाराच्या माणसांसाठी एक घर होतं, ते त्याने जाऊन पाहिलं होतं. बायकांची इमारत वेगळी, दाराला कुलपं, नवऱ्याने रविवारी येऊन भेटायचं. बाप-लेकांत एक ठराव झाला होता आणि तो मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला. जोवर सरांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर अम्मा, म्हणजे आक्का, घरी राहतील. ज्या दिवशी सर स्वतः विसरायला लागतील त्या दिवशी अम्मा तिकडे जातील. "तुम्ही वरती राहतां, सर्व पाहतां," मुलगा मला म्हणाला. "अप्पांत काहीं फरक दिसला तर मजला खरें सांगा. दोघेंही विसरलीं तर त्या घरांत काय होईल, सांगा." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

फरक दिसत होता की नव्हता, हेच मला कळत नव्हतं. मुळात ज्या माणसाचं सगळं वागणंच तऱ्हेवाईक, त्याचं बिघडलं कधी हे ओळखायचं कसं? मागच्या दाराच्या आतल्या बाजूला ते रोजच्या फेरीची वेळ खडूने लिहीत. मी आलो तेव्हा तिथे चार मिनिटं दहा सेकंद असायची. वर्षभरात ती सहावर गेली. गुडघ्यामुळे, ते म्हणाले. मग एकदा अकरा. मग एका मंगळवारी एकोणीस.

"एकोणीस?" मी विचारलं.

"फुलवालीशीं बोलत उभा राहिलों."

मी त्या संध्याकाळी फुलवालीला विचारलं. माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, तेव्हा तिने काय उत्तर दिलं याबद्दलही मला खात्री नाही, पण ती म्हणाली की सर थांबले नाहीत. तीनदा पुढून गेले. पहिल्यांदा असे, दुसऱ्यांदा तसे, तिसऱ्यांदा परत असे. तिला वाटलं व्यायाम चाललाय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं, म्हणून मी वाटून घेतलं. बंगळूरला फोन केला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला. चोळपुरमकडच्या शेतांतून मी ताप घेऊन आलो होतो आणि खोलीत पडून होतो. साडेबाराला मागचं दार वाजलं. एरवी मी "आलों ग"ची वाट बघत नसे, पण पडल्या पडल्या कान तिकडेच लागतात. एक वाजला. दीड वाजला. मी खाली गेलो.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोन पानं वाढून झाकलेली. "ते आले नाहींत," त्या म्हणाल्या. मी मागे धावलो. न्हाणीत वेष्टी व्यवस्थित घडी घालून ठेवलेली, तिच्यावर सरांचा फोन. गल्लीत फुलवाली म्हणाली, सर मघाशीच गेले, छत्री घेऊन, ताठ, बस स्टँडच्या दिशेने. तिने विचारलं तर म्हणाले, शाळेत.

शाळेत! निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेला माणूस. मला पापनाशमला जावंसं वाटत होतं, आणि इथे आक्का. आत आलो तर त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि हात थरथरत होता. कपाळावर घाम. तेव्हा मला आठवलं की बाराला मधुमेहाची गोळी दिलेली आहे आणि पोटात काही नाही, म्हणजे अंगातली साखर उतरलेली. मी साखरेचं पाणी केलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. गूळ पुढे केला, त्यांनी मान फिरवली. "आक्का, थोडं खा, सर येतीलच." मी परका पुरुष, मला त्या उत्तर देत नव्हत्या. नुसतं पुढच्या दाराकडे बघत होत्या, आणि आता त्यांचे पायही थरथरायला लागले.

मी डॉक्टरला फोन लावला, तो लागला नाही. मग मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणणार नाही. वर गेलो, पँट-शर्ट चढवला, बूट घातले. मागच्या दाराने बाहेर पडलो, अंगात ताप घेऊन गल्लीतून पळालो, ओट्यावर चढलो आणि बूट काढून म्हणालो, "आलों ग."

माझ्याहून निदान पस्तीस वर्षांनी मोठ्या बाईला मी "ग" म्हणालो.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेणार होतो. त्या म्हणाल्या, "आज उशीर झाला."

"पापनाशमला गाडी थांबली होती."

त्या पानावर येऊन बसल्या. मी पहिला घास घेतला, तेव्हा त्यांनी घेतला. भात, आंबट वरण, चवळीच्या शेंगांची भाजी, सगळं गार. दहा-बारा घासांनी त्यांच्या हाताची थरथर थांबली. मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. कुणीही यावं, पुढच्या दाराने यावं, पँट घालून यावं, एवढंच पुरेसं होतं? मग तो माणूस दोन वर्षं रोज एवढा आटापिटा करत होता तो कशासाठी?

पान पुरं झाल्यावर आक्का माझ्या जवळ सरकल्या आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या. बायको नवऱ्याशी बोलते तसं.

"एक सांगतें. भावोजी दिवसभर घरांत असतात. स्वयंपाक तेच करतात, माझी वेणी तेच घालतात. मजला बहु लाज वाटते, परंतु बोलत नाहीं. मन मोडेल त्यांचें. बहु चांगले आहेत. तुम्ही तर दिवसभर शाळेंत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांस जेवायला कोणी विचारीत नाहीं."

मी मान हलवली.

सर संध्याकाळी सहाला आले. मागून आले. विहिरीवर बादलीचा आवाज झाला म्हणून मी गेलो तर पँट-शर्टासकट अंगावर पाणी ओतत होते. बुटांना लाल माती.

"जेवली काय?" हा पहिला प्रश्न.

"जेवल्या."

"कशी?"

मी सांगितलं. मीच आलो, पुढच्या दाराने. सर बादली हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता हे मला मारतात.

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं असतील. ताप होता मला."

"तरुण आहांत. चारांत व्हायला हवें होतें," ते म्हणाले आणि बादली खाली ठेवली.

मग मी आक्का काय बोलल्या ते सांगितलं. वेणीचं, लाजेचं, चांगले आहेत म्हणाल्याचं. सर ऐकत होते की नव्हते कोण जाणे. त्यांनी पंचा घेतला आणि तोंडावर धरला.

मला राहवलं नाही. "सर, खरं सांगा. विसरलात की पळालात?"

पंचा तसाच तोंडावर ठेवून ते बोलले. "जातांना पळालों. कोपऱ्यावर आलों आणि पाय वळेनात. एक दिवस तरी खरेंच शाळेंत जावें म्हटलें. पोरें व्हॉलीबॉल खेळत होतीं, बसलों पाहत. बहु बरें वाटलें. तिची आठवण झाली नाहीं, हेंही सांगतों. मग चार वाजतां बसमध्यें चढलों. कंडक्टरनें पुसलें, कोठें? आणि मजला गांवाचें नांव येईना."

"कुंभकोणम?"

"येईना. तोंडांतच येईना. घर दिसत होतें, ओटा दिसत होता, ती दिसत होती. नांव नाहीं. तिरुवलंचुळीस पुष्कळ लोक उतरले म्हणून मीही उतरलों. तेथें एका रिक्षावाल्यानें ओळखलें, जुना विद्यार्थी. त्यानें पुसलें नाहीं, घरीं आणून सोडलें." त्यांनी पंचा खाली घेतला. डोळे लाल होते. "पुण्याचे, तो फोन करील. दुपारपासून केला असेल. त्यास अर्धें सांगा. पळालों तें सांगा. पळालेल्यास शिव्या देतात आणि ठेवून घेतात. विसरलेल्याजवळ तिला ठेवणार नाहींत."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांनी वेष्टी नेसली आणि आम्ही आत आलो.

आक्का पुढच्या खोलीत होत्या. भावोजी आलेले बघून त्या उठल्या आणि दाराआड झाल्या. मी तिथेच सतरंजीवर, दुपारचा नवरा. त्यांनी दाराआडून मला खूण केली. "भावोजी उपाशीं आहेत. चेहरा पहा. बसा म्हणावें त्यांस."

मी म्हणालो, "बसा, सर." सर भिंतीशी मांडी घालून बसले. आक्का पान घेऊन आल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डोळे खाली. चुलीशी हात भाजल्यापासून दोन वर्षांत त्यांनी वाढायचा डाव हातात धरला नव्हता. त्यांनी भात वाढला, त्यावर वरण वाढलं, मिठाचा कण पानाच्या नेमक्या कोपऱ्यात ठेवला. एक थेंब सांडला नाही. सर त्यांच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पँटकडे पाहिलं, आणि जेवायला लागले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंगळूर.

"अप्पा फोन उचलीत नाहींत दुपारपासून. काय झालें? खरें सांगा."

मी सरांकडे बघितलं. अर्धंच सांगायचं हे मी तोवर पक्कं केलं होतं, शब्दसुद्धा जुळवले होते. पळून गेले होते थोडा वेळ, कंटाळले होते, आता आलेत, जेवताहेत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

सरांनी घास खाली ठेवला. "दोन्हीं सांगा त्यास," ते म्हणाले.

"सर..."

"दोन्हीं सांगा. मी नव्हतों आणि ती जेवली. म्हणजे तिकडेही जेवेल. मजला तेवढें पाहायचें होतें."

मी दोन्ही सांगितलं. गावाचं नावसुद्धा सांगितलं, जे त्यांना आठवलं नव्हतं. आक्कांनी सरांच्या पानात तिसऱ्यांदा पहिला भात वाढला, आणि सर मान खाली घालून तो जेवू लागले.